घाटातले बेडूक: दर काही वर्षांनी नावं का बदलतात? (गोव्यातल्या सत्तरी, सांगे, मोलेवाल्यांनी जरूर यावं)

म्हादईकाठचा
नमस्कार मंडळी. पाऊस लागला की आमच्या वाळपईपासून चोर्ल्यापर्यंत रात्री बेडकांचा जो काय गोंगाट असतो तो तुम्हाला माहीतच आहे. मी फोटो काढतो, हौस म्हणून, शास्त्र वगैरे शिकलेलो नाही. आता अडचण अशी की सुर्ल्याच्या सड्यावर (जांभ्याच्या सपाट पठारावर) जो बारका तपकिरी बेडूक ढिगाने सापडतो तो माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात 'राना लिम्नोकॅरिस' आहे, भाचीच्या कॉलेजच्या नोट्समध्ये 'फेजरवारिया' आहे आणि मोबाईलवरचं अ‍ॅप म्हणतं 'मिनर्वारिया'. बेडूक तोच, सडा तोच, मग हे काय चाललंय? दोन जाती वेगळ्या आहेत हे ठरवतात कशावरून, आणि पावसाच्या रानातच एवढे प्रकार का, म्हंजे पेडण्याच्या शेतात चार-पाच आणि मोलेच्या रानात डोकं फिरेल एवढे, असं का? कोणी नीट समजावून सांगितलं तर बरं होईल.

सांगेकार
बाबा रे, बेबो तो बेबो. आमच्या लहानपणी दोनच प्रकार होते, मोठा आणि बारका. मोठा तव्यावर जायचा. 😀

कुळागर_फोंडा
सांगेकारबाब, तो 'जंपिंग चिकन'चा विषय इथे नको, वन्यजीव कायद्यात बसतो तो, आणि पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन, गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून शेतात बसलेला नर एकदा जवळून बघा, मग तवा आठवणार नाही. परदेशात तंगड्या पाठवणंही 1987 पासून बंद आहे. असो. मलाही हाच प्रश्न आहे, वाचते आहे.

डबकेवाला
चांगला धागा काढला. थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी 'राना'चं. युरोपियन लोकांनी आपले बेडूक नोंदवायला सुरुवात केली तेव्हा हातात काय होतं, तर दारूच्या बरणीतला रंग उडालेला बेडूक. बोटं मोजा, पडदा किती ते बघा, दात कुठे, पाठीवर घड्या किती, झालं. साधारण 'बेडकासारखा' दिसला की टाक राना मध्ये, खरखरीत असला की बुफो मध्ये. प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजरचा 1882 चा कॅटलॉग आणि पुढे 1890 चा ब्रिटिश इंडियाचा खंड, दोन्ही याच पद्धतीचे, आणि त्या माणसाचं काम आजही थक्क करतं हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर आपण लगेच जुन्यांना नावं ठेवायला लागतो. तर त्या गोणपाटात सगळं भरलं गेलं. आपला मोठा बैल बेडूक, जो बारावीला आपण राना टायग्रिना म्हणून चिरला, तो आता होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस आहे. युरोपातल्या खऱ्या राना शी त्याचं नातं बरंच लांबचं निघालं.

आता तुमचा सड्यावरचा. लिम्नोकॅरिस हे नाव 1829 मध्ये जावा बेटावरच्या बेडकाला दिलेलं. पण जावा ते गोवा सगळीकडे असा बारका, तपकिरी, कधी पाठीवर पांढरी रेघ असलेला बेडूक दिसतो, म्हणून दीडशेहून जास्त वर्षं सगळे त्याच नावाने ओळखले गेले. डीएनए बघायची सोय झाल्यावर कळलं की आपल्याकडचे जावातल्यापेक्षा पार वेगळे आहेत, आणि आपल्याकडचेही एक नाहीत, बरेच आहेत. त्यातला एक 2015 मध्ये गोमंतकी या नावाने वेगळा काढला. दुसरा 2018 मध्ये, खास गोव्याच्या भागातल्या जांभ्याच्या सड्यांवरून, त्याचं नाव गोएमची. म्हंजे 'गोंयचो' बेडूक अधिकृत आहे आता. तुमचा नेमका कुठला ते फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही, का ते पुढे येईलच.

म्हादईकाठचा
हे कळलं. पण फेजरवारियाचं मिनर्वारिया का झालं? जाती वेगळ्या काढल्या ते ठीक, पण आडनावच बदललं की.

डबकेवाला
त्याची गंमत आहे. 2001 मध्ये कर्नाटकातल्या गुंड्याजवळून एक अगदी पिटुकला बेडूक नोंदवला, तो एवढा वेगळा वाटला की त्याच्यासाठी मिनर्वारिया ही नवी प्रजातच केली. (प्रजात म्हंजे जीनस म्हणतोय मी, जात म्हंजे स्पीशीज. मराठी पुस्तकांत दोन्हींची सरमिसळ असते म्हणून सांगितलं.) 2011 मध्ये कोणीतरी भारतातल्या सगळ्या फेजरवारियांना आग्नेय आशियातल्या फेजरवारियापासून वेगळं करून झाकेराना असं नाव दिलं. नंतर जनुकं तपासली तर तो पिटुकला मिनर्वारिया या भारतीय कळपाच्या ऐन मध्ये बसलेला निघाला. घरातल्या एका पोराचं रेशनकार्ड वेगळं काढलं म्हणून त्याचं घराणं वेगळं होत नाही ना, तसंच. मग एकतर त्याला परत आत घ्यायचा किंवा बाकीच्यांचे वीस तुकडे करायचे. आत घेतला. आणि नियम असा की जुनं नाव जिंकतं, 2001 चं मिनर्वारिया 2011 च्या झाकेरानापेक्षा जुनं, म्हणून सगळं घर मिनर्वारिया झालं आणि झाकेराना गेलं. 2018 मध्ये हे झालं.

मूळ तत्त्व एवढंच की गटात एक पूर्वज आणि त्याची सगळी पिलावळ आली पाहिजे, कोणी बाहेर राहता कामा नये. दिसण्यावरून केलेले गट या कसोटीवर धडाधड पडतात. 2006 मध्ये जगभरच्या उभयचरांचं एक मोठं वंशवृक्षाचं काम आलं, त्यानंतर बुफो आणि राना यांची अक्षरशः फाळणी झाली. आपला घरामागचा भेक (खरखरीत बेडूक) बुफो मेलॅनोस्टिक्टसचा डुटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस झाला तो तेव्हाच.

काजूबी
मला हे सगळं थोडं संशयास्पद वाटतं, स्पष्टच बोलतो. दर पावसाळ्यात पेपरात बातमी, 'पश्चिम घाटात नवी जात सापडली', 'सात नव्या जाती सापडल्या', 'चौदा जाती'. एवढे बेडूक इतकी वर्षं लपून बसले होते काय? की मशीनमध्ये डीएनए टाकला, तीन टक्के फरक आला, चला नवं नाव द्या, पेपर छापा, प्रमोशन घ्या? उद्या माझा आणि माझ्या भावाचा डीएनए टाकाल.

डबकेवाला
काजूबी, शंका रास्त आहे आणि हे बोलणारे शास्त्रज्ञही आहेत. पण सरसकट तसं नाही.

तीन टक्क्यांचं म्हणता ते मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग) 16एस या जनुकाबद्दल. बेडकांत तिथे साधारण तीन टक्क्यांहून जास्त फरक दिसला की थांबा, इथे काहीतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो इशारा आहे, निकाल नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतं, त्यामुळे त्यात एकाच बाजूची गोष्ट दिसते. म्हणून पेशीकेंद्रातली जनुकंही बघतात. मग हाड, पडदा, बोटांच्या टोकाच्या गाद्या, टॅडपोलच्या (बेडूकमाशाच्या) तोंडातल्या दातांच्या ओळी. आणि सगळ्यात महत्त्वाचा आवाज. नर ओरडतो तो मादीसाठी, तिला आपल्याच जातीचा नर ओळखायचा असतो, आपण काय फोटो काढणार याच्याशी तिला देणंघेणं नाही. दोन बेडूक दिसायला जुळे असतील पण एकाची हाक लांब आणि एकसलग, दुसऱ्याची तुटक, दोघं एकाच झुडपावर, आणि तरी त्यांचं एकमेकांत लग्न लागत नाही, तर आपण कितीही म्हटलं तरी ते दोनच आहेत. बेडकांनी आधीच ठरवलंय, आपल्याला उशिरा कळलं.

लपून बसले होते का, तर काही खरंच होते. रातबेडूक म्हंजे निक्टीबॅट्रॅकस, यातले काही अंगठ्याच्या नखाएवढे, पाचोळ्याखाली किंवा ओढ्याकाठच्या गवतात बसून किड्यासारखे ओरडतात, 2017 मध्ये एकदम सात नव्या जाती आल्या त्यातल्या चार अशा पिटुकल्या होत्या. चौदा म्हणता ते नाचरे बेडूक, मायक्रिक्झॅलस, 2014 ची बातमी. ओढ्याच्या खळखळाटात आवाज ऐकू जात नाही म्हणून नर मागचा पाय लांब करून पंजा हलवतो. काठावर बसून बघितलं ना, तर आधी नुसता ओला दगड दिसतो, मग दगडावर एक काळपट ठिपका, मग त्या ठिपक्यातून अचानक एक पाय बाहेर येतो, बोटं पसरतात, मधला फिकट पडदा चमकतो आणि पाय परत आत. दुसऱ्या दगडावरून उत्तर येतं. सरळ उभं राहून चालत गेलात तर काहीही दिसत नाही.

आणि नावं बुडतातही हो. झाकेराना आत्ताच बुडालं ना. ती बातमी पेपरात येत नाही एवढंच.

सह्यकडा
+1 डबकेबाब. एक भर घालतो, जुन्या नोंदींमध्ये 'कुठे सापडला' याची काय अवस्था असते बघा. आपला उडता हिरवा बेडूक, लाल पडद्यांचा, रॅकोफोरस मलबारिकस, जर्डनने 1870 मध्ये नोंदवला, ठिकाण काय तर 'मलबार'. आता शोधा. किनाऱ्याचा केवढा पट्टा! आणि झुडपातला बारका राओर्चेस्टेस बॉम्बेएन्सिस, नाव मुंबईचं, पण 1919 मध्ये अ‍ॅनंडेलने ज्याच्यावरून वर्णन केलं तो कॅसलरॉकचा, म्हंजे आपल्या दूधसागरच्या वर गाडी घाट चढून पोचते ते स्टेशन. तेव्हा ते बॉम्बे प्रेसिडेन्सीत होतं म्हणून बॉम्बे. नवीन जात आहे का हे ठरवायला आधी जुनी नेमकी कुठली ते ठरवावं लागतं, त्यासाठी मूळ जागी परत जाऊन नमुना आणि आवाज घ्यावा लागतो, आणि जागाच धड लिहिलेली नसेल तर बसा डोकं धरून. निम्मा वेळ यात जातो. त्याच कॅसलरॉकवरून 2005 मध्ये एक रातबेडूकही नोंदला गेला, निक्टीबॅट्रॅकस पेट्रियस.

कुळागर_फोंडा
तो लाल पडद्यांचा आमच्याकडे येतो! कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) तळीवर जायफळाची फांदी ओणवलेली आहे, दर पावसात तिथे पांढऱ्या फेसाचे गोळे लटकतात. सासूबाई म्हणायच्या किड्याचं घर आहे, काढून टाक. एकदा टॉर्च घेऊन बसले. मादी मोठी, पाठीवर नर, आणि ती मागच्या पायांनी तो चिकट द्रव असा घुसळत होती की ताकाची रवीच. पानं आपोआप फेसाला चिकटत गेली आणि पुडी झाली. काही दिवसांनी खालून गोळा ओला झाला, आणि पाऊस पडत असताना एकेक पिल्लू टपटप तळीत. खाली मासे होते, काही गेली बिचारी. हे असं झाडावर अंडी घालणं का सुरू झालं असेल? तळी खालीच तर होती.

डबकेवाला
ताई, वर्णन झकास. उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यांत आहे, खाली मासे होते. पाण्यात अंडी खाणारे भरपूर, मासे, पाणकिडे, दुसरे टॅडपोल. दमट रानात हवेतही अंडी सुकत नाहीत, म्हणून पाण्याबाहेर अंडी घालण्याचे प्रयोग तिथेच होऊ शकले. म्हादईकाठकरांचा शेतात कमी आणि मोलेत जास्त का हा प्रश्न होता, त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग हाच. बारा महिने ओलावा असला की बेडकाला डबक्याशी बांधून राहायला नको, पान, ढोली, ओला कातळ, पाचोळा, जिथे जागा दिसेल तिथे संसार.

आता मजा बघा. फेसाचं घरटं दक्षिण अमेरिकेतल्या लेप्टोडॅक्टिलिडी कुळातले बेडूकही करतात, तिकडे घुसळायचं काम नर करतो. ऑस्ट्रेलियातही काही करतात, तिथे मादी पुढच्या हातांनी करते. या तिघांचं जवळचं नातं नाही. म्हंजे एकच युक्ती तीन ठिकाणी, स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या अवयवांनी. तसंच पडदे पसरून तरंगत उतरणं, आपला रॅकोफोरस करतो आणि मध्य अमेरिकेतले काही झाडबेडूकही करतात, तेही लांबलांबचे. मादागास्करचे रंगीत विषारी मँटेला आणि अमेझॉनचे रंगीत विषारी बेडूक शेजारी ठेवले तर भाऊ वाटतील, विषही दोघे मुंग्या-माइट खाऊन मिळवतात, पण मँटेला आपल्या बेडकांच्या जवळचा आहे, अमेझॉनवाल्याच्या नाही. म्हणून दिसण्यावरून वर्गीकरण केलं की फसगत. सारखी अडचण आली की उत्क्रांती पुन्हा पुन्हा सारखं उत्तर काढते, आणि सारखं उत्तर दिसलं की आपण म्हणतो हे नातेवाईक.

शिक्षिका_केपें
मध्येच विचारते, माझ्या आठवीच्या वर्गात दरवर्षी एक मूल विचारतं की टीचर, बेडूकमासा आधी माशासारखा असतो, मग पाय फुटतात, म्हंजे मासा ते बेडूक ही उत्क्रांती आपल्याला रोज डबक्यात दिसते का? मी नाही म्हणते पण पुढे काय सांगायचं ते सुचत नाही.

डबकेवाला
टीचर, मूल हुशार आहे. नाही हेच बरोबर. एका बेडकाच्या आयुष्यात होतं ते रूपांतर, पिढ्यानपिढ्यांत होते ती उत्क्रांती, आणि टॅडपोल हा काही जुन्या माशाचा फोटो नव्हे. टॅडपोलची स्वतःची वेगळी उत्क्रांती झालेली आहे, आई-बापापेक्षा निराळी. मुलांना दाखवायचं असेल तर पावसात घाटरस्त्याच्या कडेला जो पाणी झिरपणारा कातळ असतो तिथे रात्री न्या. इंडिराना म्हणून उड्या मारणाऱ्या बेडकांचा गट आहे, त्यांचे टॅडपोल पाण्यात नसतातच, ओल्या उभ्या दगडावर चिकटलेले असतात. शेपूट लांब आणि बारीक, मागचे पाय खूप लवकर फुटलेले, आणि बोट जवळ नेलं की दगडावरून टुणकन उडी मारतात. पोहणारा टॅडपोल नाही, चढणारा आणि उडी मारणारा टॅडपोल. यातली इंडिराना सालेलकरी ही जात 2015 मध्ये आपल्या नेत्रावळीतून नोंदली गेली, वनखात्यातल्या प्रकाश सालेलकरांच्या नावाने. केपेंहून नेत्रावळी काही लांब नाही.

आणि झुडपातले राओर्चेस्टेस तर टॅडपोलच गाळून टाकतात. ओल्या पाचोळ्यात किंवा पानावर मोजकी, मोठी अंडी, सगळं आतच उरकायचं, बाहेर येतो तो नखाएवढा पण पुरा बेडूक. त्याला 'मासा' अवस्थाच नाही. त्या मुलाला सांगा, मग हा कुठल्या माशापासून आला?

जीवाश्मांबद्दल विचारलं तर, मादागास्करला सापडलेला ट्रायाडोबॅट्रॅकस सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा, बेडकासारखा पण आखूड शेपूट शिल्लक असलेला. आणि अर्जेंटिनात सुमारे 16 कोटी वर्षं जुना अख्खा टॅडपोल दगडात सापडला, 2024 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तो चांगला मोठा टॅडपोल आहे, आजच्यासारखाच. म्हंजे ही सोय तेव्हाच तयार होती.

शिक्षिका_केपें
देव बरें करूं! कातळावरचे टॅडपोल मी बघितलेत, कसली तरी अळी समजत होते.

सह्यकडा
माझा विषय दगडांचा, तर जमिनीच्या बाजूने थोडं. पश्चिम घाटात एवढे विचित्र बेडूक का याचं अर्धं उत्तर भूगोलात आहे. भारत मादागास्करपासून सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला. मधल्या काळात आपण तरंगत होतो आणि आपल्यावरचे बेडूकही. त्यातच 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास दख्खनचा लाव्हा ओतला गेला आणि त्याच सुमारास तो अशनी पडून डायनोसॉर गेले. एवढ्यातून जे वाचले त्यांचे वंशज दक्षिणेकडच्या ओल्या रानात राहिले. 2003 मध्ये केरळातल्या इडुक्कीहून सत्यभामा दास बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी नोंदवलेला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस, फुग्यासारखं अंग, छोटं टोकदार नाक, वर्षभर जमिनीखाली वाळवी खातो आणि पावसाच्या तोंडावर काही दिवस प्रजननासाठी वर येतो. त्याचे जवळचे नातेवाईक कुठे, तर सेशेल्स बेटांवर! गंमत म्हंजे त्याचे टॅडपोल कितीतरी आधीच नोंदलेले होते, वाहत्या ओढ्यात तोंडाने दगडाला चिकटणारे, फक्त ते कोणाचे ते कळलं नव्हतं.

नाचरे बेडूक आणि इंडिराना यांची कुळंही भारताबाहेर सापडत नाहीत. आपण वाघ-बिबटे म्हणून मिरवतो, पण ते बाहेरही आहेत. हे नाहीत.

जगाचं बघायचं तर 2017 मध्ये एक मोठं काम आलं होतं. आज जगात साडेसात हजारांहून जास्त जातींचे बेडूक आहेत, त्यातले सुमारे 88 टक्के अवघ्या तीन शाखांतून आलेले, आणि त्या तिन्ही शाखा डायनोसॉर गेले त्या सुमारास फोफावल्या. रानं उद्ध्वस्त झाली, नंतर परत उगवली, नवीन झाडं, मोकळ्या जागा, आणि बेडूक झाडावर चढले. आजचे बहुतेक झाडबेडूक त्यानंतरचेच.

म्हादईकाठचा
जबरदस्त. पण मग एकाच घाटात, एकच वंश, त्याच्या पन्नास-साठ जाती कशा होतात? मध्ये समुद्र नाही काही नाही. झुडपातल्या बेडकांबद्दल विचारतोय.

डबकेवाला
समुद्र नसला तरी दरी आहे. नखाएवढ्या बेडकाला एक गरम, सुकी दरी म्हंजे समुद्रच, आणि त्याला तर ओढ्यातून वाहत जायचीही सोय नाही, टॅडपोलच नाही ना. जिथे जन्मला त्याच्या आसपासच मरायचं. राओर्चेस्टेसवर बंगळुरूच्या लोकांनी पूर्ण घाट पालथा घालून काम केलं, 2014 मध्ये त्यातून नऊ नव्या जाती आल्या आणि 2016 मध्ये सगळ्याचा मिळून अर्थ लावला. थोडक्यात असं की पालघाटसारख्या रुंद खिंडी, डोंगरांची उंची आणि जुन्या हिमयुगांतली थंड-कोरडी हवा, या सगळ्यांनी मिळून तुकडे पाडले. हवा कोरडी झाली की ओलं रान आक्रसून माथ्यावर जातं, प्रत्येक माथा एक बेट होतो, बेडूक त्यावर अडकतात. परत ओल आली की रान खाली पसरतं, पण तोपर्यंत हाक बदललेली असते. उंच माथे दक्षिणेत, म्हणून जातींची गर्दीही दक्षिणेत, आपण गोव्यात घाट जरा बसका असतो तिथे येतो. तरी आपल्या उत्तरेला आंबोलीचं बघा, तिथला पिवळ्या अंगाचा भेक झँथोफ्रायनी टायगेरिना, 2009 मध्ये नोंदला, नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या यादीत आहे.

असंच अमेरिकेत अँडीजमध्ये प्रिस्टिमँटिस, तेही टॅडपोल गाळलेले, पाचशेहून जास्त जाती. इथे राओर्चेस्टेस, तिथे प्रिस्टिमँटिस, नातं लांबचं, पण डोंगर अधिक ओल अधिक टॅडपोल नाही, हे गणित जुळलं की जातींचा पूर येतो असं दिसतं. टॅडपोल नसणं हेच एकमेव कारण असं मी म्हणणार नाही, त्यावर वाद आहेत.

काजूबी
वाचतोय सगळं, आवडतंय, पण माझा मुद्दा जागच्या जागी आहे. समजा तुम्ही एकाचे पाच केले. बेडकाला काय फरक पडला?

डबकेवाला
बेडकाला नाही, सड्याला पडतो. एक जात केरळपासून महाराष्ट्रापर्यंत पसरलीय असं कागदावर असलं की तिला धोका नाही असा शेरा बसतो. तिच्या पाच झाल्या आणि त्यातली एक फक्त चार सड्यांवर असली, तर त्या सड्यावर खाण, रिसॉर्ट किंवा सोलर पॅनेल आलं की ती जात संपली. सडा सरकारी कागदावर 'पडीक' असतो हे तुम्हाला सांगायला नको. पावसाचे चार महिने त्याच पडीक जमिनीवरच्या वीतभर पाण्यात अख्खी पिढी वाढते. 2023 च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या जवळपास 41 टक्के जाती धोक्यात निघाल्या, आणि ज्यांचं नावच नाही त्या या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

तरी तुमची एक गोष्ट मान्य. दोन नमुने आणि एक जनुक एवढ्यावर नाव ठोकणारे असतात. ते मलाही पटत नाही.

काजूबी
हां, सड्याचं पटलं. आमच्या गावचा अर्धा सडा गेलाच आहे. जनुकाचं नंतर भांडू.

सांगेकार
मी तव्याचं बोललो ते मस्करी होती रे बाबांनो. आता विचारतो, फोटो काढायचा झाला तर कसा काढू म्हणजे तुम्ही लोक ओळखाल? मी पाठीचा काढतो आणि सगळे म्हणतात कळत नाही.

डबकेवाला
पाठीचा रंग हे सगळ्यात कुचकामी लक्षण, एकाच जातीत दहा रंग असतात. बाजूने काढा, डोळा आणि त्यामागचा कानाचा पडदा दिसेल असा, बुबुळातली बाहुली आडवी की उभी की चौकटी ते त्यात कळतं. बोटांची टोकं आली पाहिजेत, आणि मागच्या पायाचा पडदा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण त्यासाठी बेडूक उचलू नका, हाताला मच्छरचं क्रीम लागलेलं असतं आणि त्यांची कातडी सगळं शोषते. काचेवर बसलेला असला तर खालून मिळतो कधी कधी. आणि फोटोपेक्षा आवाज! मोबाईल तिथेच ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा, बोलू नका, हवा किती थंड होती, बेडूक जमिनीवर होता की किती उंचीवर, ओढा वाहता होता की साचलेलं पाणी, हे लगेच लिहा. अ‍ॅप काय सांगतं ते सूचना म्हणून घ्या, ते बिचारं पाठीवरूनच ओळखतं. आणि दुर्मिळ काही सापडलं तर नेमकी जागा उघड टाकू नका, गिऱ्हाईकं असतात.

कुळागर_फोंडा
एक शेवटचं. कुळागरात खोदताना ते चकचकीत काळं-जांभळट, गांडुळासारखं पण जाडसर निघतं, कामगार साप म्हणून मारतात. कोणी म्हणालं तेही बेडकांपैकीच?

डबकेवाला
बेडूक नाही, पण बेडकाच्या चुलत घराण्यातलं, उभयचरच. सिसिलियन, मराठीत देवगांडूळ म्हणतात. अंगावर वळी असतात, कातडी ओली आणि बुळबुळीत, डोळे जवळजवळ कातडीखाली गेलेले, आणि डोळा व नाकपुडीच्या मध्ये एक बारीकशी सोंड असते तिने वास घेतं. विष चावण्यातून वगैरे काही नाही, मुळीच मारू देऊ नका, मातीतले किडे खाऊन कुळागराचं भलंच करतं. जेजेनिओफिस गोएन्सिस ही जात 2007 मध्ये गोव्यातूनच नोंदली गेलीय, बोंडल्याचीही एक आहे. पुढच्या वेळी निघालं तर ओल्या मातीसकट डब्यात ठेवा, बाजूने डोक्याचा फोटो काढा आणि परत सावलीत सोडा. फोटो नवीन धाग्यात टाका, इथे आता पान उघडायला वेळ लागतोय.